ईरण्णाचं उलटं

गौराबाईंना स्कूटी चालवता येत होती, पण त्यांच्याकडं लायसन नव्हतं. महांतप्पांना वाहतुकीचे सगळे नियम पाठ होते, पण त्यांना साधी सायकलसुद्धा येत नव्हती. देवानं जोडी जमवताना दोघांच्या वाट्याचं सामान असं वाटून दिलं होतं की एकट्याला कशाचाच उपयोग होऊ नये.

स्कूटी त्यांच्या लेकीची, गायत्रीची. तिला पुण्याला नोकरी लागली तेव्हा मुरूमजवळच्या या गावात, आई-वडिलांच्या अंगणात, ती गाडी लावून गेली. अर्धा पावसाळा गोणपाट पांघरून ती तिथं उभी होती. मग एका दुपारी गौराबाईंनी गोणपाट ओढून काढलं, पदर खोचला आणि गाडी ढकलत शाळेच्या मैदानावर नेली. पडल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. थोड्याच दिवसांत त्या मैदानाला अशा गरागरा फेऱ्या मारायला लागल्या की पोरं कबड्डी सोडून बघत उभी राहिली. मास्तरांनी कुणाला रागावावं हे त्यांनाही कळेना.

ही नुसती हौस नव्हती. गौराबाईंची थोरली बहीण शिवगंगा सीमेपलीकडं कर्नाटकात, आळंद तालुक्यातल्या एका खेड्यात दिलेली. शेतातल्या वाटेनं गेलं तर ते गाव इतकं जवळ की तिथल्या देवळातला भोंगा वारा इकडचा असला म्हणजे ऐकू यायचा. पण बसला ती वाट ठाऊक नाही. बसनं जायचं म्हणजे आधी मुरूम, तिथून आळंदची गाडी, आळंदहून पुन्हा निम्मी वाट मागं. सकाळी निघालेलं माणूस उन्हं कलताना पोचणार आणि चहाची कपबशी खाली ठेवून परतीच्या गाडीसाठी उठणार. पूर्वी शिवगंगाच बांधाबांधानं चालत यायच्या. कधीही यायच्या, न सांगता यायच्या, येताना पदरात हुलग्याच्या शेंगा बांधून आणायच्या. आता त्यांचे गुडघे गेले होते. दोघी बहिणी रोज संध्याकाळी फोनवर कन्नडमधून बोलायच्या आणि फोन ठेवल्यावर गौराबाई थोडा वेळ कुणाशीच बोलायच्या नाहीत.

गायत्रीनं फोनवर सरळ सांगून टाकलं होतं. लायसन काढल्याशिवाय आईनं मैदानाबाहेर गाडी न्यायची नाही. दसऱ्याला ती आणि जावई येणार होते. तोवर निदान कच्चं लायसन झालं असलं तर गाडी आईची. नसलं तर जावई ती पुण्याला घेऊन जाणार, त्यांना ऑफिसला जायला हवीच होती. आणि मधल्या काळात आईवर लक्ष ठेवायचं काम तिनं वडिलांवर सोपवलं. महांतप्पांनी शब्द दिला. शब्द दिल्यावर तो पाळणारा माणूस, त्यामुळं गौराबाई दोन दिवस त्यांच्याशी तुटक बोलत होत्या.

कच्च्या लायसनसाठी कंप्युटरवर परीक्षा असते. पंधरा प्रश्न, प्रत्येकाला तीन पर्याय, नऊ बरोबर आले की पास. ऐकायला सोपं. अडचण होती ती वेळेची. एका प्रश्नाला अर्धं मिनिट मिळायचं आणि गौराबाईंची शाळा झाली होती चौथीपर्यंत, तीही कन्नड. मराठी अक्षरं त्या लग्नानंतर शिकल्या, नवऱ्यानं वाचनालयातून घरी आणलेल्या जुन्या वर्तमानपत्रांवर. वाचता यायचं, पण तांदळातले खडे वेचावेत तसं, एकेक. अर्ध्या मिनिटात प्रश्न संपायचा. पर्याय तसेच राहायचे.

महांतप्पा गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल होते. आता निवृत्त झाले तरी कपाटांच्या किल्ल्या त्यांच्याकडंच असायच्या, कारण नव्या पोराला कुठलं पुस्तक कुठं आहे ते सापडायचं नाही. आयुष्यभर त्यांनी वाचलं, आणि जितकं वाचलं तितकी आपल्याला काही ठाऊक नाही अशी त्यांची खात्री होत गेली. सूर्य पूर्वेला उगवतो का, असं कुणी डोळ्यांत बघून विचारलं असतं तर ते ‘बहुधा’ म्हणाले असते. आता या माणसानं बायकोला परीक्षेसाठी तयार करायचं होतं.

त्यांनी उमरग्याहून प्रश्नांचं पुस्तक आणलं आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. नियम का केला, त्यामागं तत्त्व काय, हे समजावताना ते रंगून गेले. चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी का जाऊ द्यायचं, यावरच दिवेलागण झाली. गौराबाई भाकरी थापता थापता ऐकत होत्या. शेवटी त्यांनी काटवट पुढं सरकवली आणि म्हणाल्या, “अहो, तुम्ही विहीर खणायलाव. मला तांब्याभर पाणी पायजे.”

म्हणणं खरं होतं. पर्याय वाचायला वेळच नसेल तर न वाचता बरोबर उत्तर ओळखायची काहीतरी युक्ती हवी होती. म्हणजे अंदाज. उभ्या आयुष्यात त्यांनी अंदाजानं काही केलं नव्हतं. पुस्तकाचं नाव नोंदवतानासुद्धा मुखपृष्ठ आणि आतलं पान ताडून बघायचे. त्या रात्री जेवण झाल्यावर ते पुस्तक घेऊन बसले आणि नियम न वाचता नुसती उत्तरं बघायला लागले, तेव्हा त्यांना चोरी केल्यासारखं वाटत होतं. पण बघता बघता गंमत वाटायला लागली.

एक तर बरोबर उत्तर बहुतेक वेळा सगळ्यांत लांब असायचं. प्रश्न काढणाऱ्यानं खरं उत्तर नीट, सगळ्या अटींसकट लिहिलेलं, आणि खोटी दोन कशीबशी उरकलेली. दुसरं, ज्या उत्तरात ‘हळू’ हा शब्द असेल ते सहसा बरोबर. तिसरं, ज्यात हॉर्न वाजवायला सांगितलं असेल ते सहसा चूक. सकाळी त्यांनी हे गौराबाईंना भीत भीत सांगितलं, आणि असंही सांगितलं की हे आपलं नुसतं निरीक्षण आहे, चुकलं तर त्यांना दोष देऊ नये.

“हे आधी का सांगितलं न्हाय?” गौराबाई म्हणाल्या. त्या दिवशी दशमीबरोबर शेंगाचटणीही ताटात आली, वर घरचं तूप.

चौथी युक्ती त्यांना योगायोगानं सापडली.

महांतप्पांचा पुतण्या ईरण्णा ट्रक चालवायचा. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर त्याची उमर गेली होती. देह रांजणासारखा, आवाज ट्रकच्या इंजिनावर मात करून करून झालेला, आणि मन लहान पोराचं. गाडी उमरग्याला लागली की तो गावात यायचा आणि काकूच्या हातचा चहा घेतल्याशिवाय स्वतःच्या घरी जायचा नाही. त्या दिवशी तो ओट्यावर टेकला, तेव्हा महांतप्पा गौराबाईंना प्रश्न वाचून दाखवत होते. अरुंद पूल आहे, समोरून गाडी येते आहे, तुम्ही काय कराल?

“लाईट मारायचा,” ईरण्णा मधेच म्हणाला. “ज्याचा लाईट आधी, त्याचा पूल.”

महांतप्पांनी पुस्तकात बघितलं. ‘दिवे लावून वेग वाढवाल’ असा पर्याय होता आणि तो चूक होता. त्यांनी चष्मा सारखा केला आणि पुढचा प्रश्न विचारला. पिवळा दिवा लागला तर?

“पिवळा म्हणजे पळ. तांबडा लागायच्या आत निघायचं की.”

हेही चूक. महांतप्पांनी मग एकेक करून बरेच प्रश्न विचारले. रस्त्यावर अडथळा दिसला तर? ईरण्णानं आधी अडथळा कसला ते विचारलं. खडी असली तर बाजूनं काढायची. सोयाबीन पसरलं असलं तर मुद्दाम वरून न्यायची, शेतकऱ्याची रास आपसूक मळून होते आणि तो हात जोडतो. शाळेजवळ काय करायचं? शाळेजवळ तो त्याचा गाण्याचा हॉर्न वाजवतो, पोरं खूश होतात. वळणावर पुढच्या गाडीला ओलांडावं का? पुढच्या गाडीतल्या क्लीनरनं हात दाखवला तर बेलाशक ओलांडावं.

पुस्तकाप्रमाणं यातलं एकही उत्तर बरोबर नव्हतं. महांतप्पांच्या अंगावर काटा आला, तो भीतीचा नव्हे. असा विद्वान माणूस त्यांनी पाहिला नव्हता. अर्धवट चुकणाऱ्याचा काही भरवसा नसतो. हा मात्र दर वेळी, ठामपणे, नेमका चुकत होता. ईरण्णा जे म्हणेल ते कापलं की तीनातले दोन उरले, आणि दोनांतला लांब किंवा ‘हळू’ असलेला धरला की झालं.

त्यांनी ही युक्ती ईरण्णाला सांगितली नाही. काकूला तुझ्या अनुभवाचा फायदा होतो आहे, रोज येत जा, एवढंच म्हणाले. आणि ते काही खोटं नव्हतं. ईरण्णाला भरून आलं.

“काका, इतकी वर्षं गाडी चालवलो, पर कुणी मला काय विचारलं न्हाय बघा. जो तो मलाच सांगतो.”

मग तो येत राहिला. दाढी करून यायचा, धुतलेला शर्ट घालून यायचा, मांडी घालून बसायचा आणि मास्तरासारखा बोट वर करून उत्तरं द्यायचा. गौराबाई गालातल्या गालात हसत ‘व्हय रे बाबा’ म्हणायच्या आणि उलटं लक्षात ठेवायच्या. सगळं लक्षात राहावं म्हणून महांतप्पांनी, पुन्हा पुन्हा शब्द बदलून, दोन ओळी जुळवून दिल्या. गौराबाईंनी त्यांना चाल लावली आणि चुलीपुढं म्हणायला लागल्या:

लांब असंल ते धरावं गं, हळू म्हणंल ते करावं,
भोंगा वाजंल ते सोडावं गं, ईरण्णाचं उलटं धरावं.

व्हायचं ते झालं. एका सकाळी ईरण्णा नेहमीपेक्षा लवकर आला. आत काकू भाकरी करत होत्या, गाणं ऐन भरात होतं. तो दारातच थांबला. महांतप्पा अंगणात दात घासत होते. त्यांना पळून जावंसं वाटलं, पण तोंडात फेस होता. ईरण्णानं गाणं दोनदा पूर्ण ऐकलं. मग ओट्यावर बसला, गुडघ्यांवर हात ठेवले आणि जमिनीकडं बघत राहिला.

“काका,” तो म्हणाला, “सगळीच चूक हैत?”

महांतप्पांनी चूळ भरली. खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांनी मान हलवली आणि हळूच म्हणाले की चूक असं नाही, पुस्तकात वेगळं आहे, आणि पुस्तकंही कधी कधी चुकतात.

ईरण्णाचे खांदे हलायला लागले. रडतो की काय म्हणून गौराबाई पीठभरल्या हातांनी बाहेर धावल्या, तर तो हसत होता. पोट धरून, भिंतीला टेकून हसत होता. “काकू, माझ्या बापानं माझं नाव शाळेत घातलं, रेशन कार्डात घातलं. गाण्यात तुमीच घातलं,” तो म्हणाला, आणि त्यानं ते पुन्हा म्हणायला लावलं. त्याच दिवशी उमरग्याच्या ढाब्यावर दोन ट्रकवाले ते म्हणत होते असं नंतर कळलं.

परीक्षेचं शिबिर उमरग्याला भरायचं. ईरण्णा स्वतः दोघांना जीपमध्ये बसवून घेऊन गेला. गौराबाईंनी इरकल नेसलं होतं आणि कपाळाला ठळक विभूती लावली होती. आत फक्त उमेदवाराला सोडत होते. महांतप्पा बाहेर लिंबाखाली उभे राहिले आणि त्यांना एकेक शंका यायला लागली. लांब उत्तरात हॉर्न असला तर? ‘हळू’ दोन पर्यायांत असला तर? चार युक्त्या चार दिशांना ओढायला लागल्या तर माणसानं कुणाचं ऐकायचं? हे त्यांना घरी कसं सुचलं नाही? सुचलं होतं, पण बायको इतकी आनंदात होती की बोलायचं धाडस झालं नाही.

गौराबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. आठ. एका गुणानं गेलं होतं.

महांतप्पांनी सांगितलं की यात सगळी चूक त्यांचीच आहे, त्यांनी गाणं नीट तपासायला हवं होतं. पण गौराबाईंना गुणांचं दुःख दिसेना. त्या ईरण्णाकडं बघत होत्या आणि त्यांना काहीतरी बोलायला जड जात होतं. शेवटी त्यांनी सांगितलं. एक प्रश्न होता, मागून अँब्युलन्स आली तर काय कराल. त्यांना उत्तर येत होतं. उत्तर कुणालाही येतं. पण गाण्यात म्हटलं होतं ईरण्णाचं उलटं, आणि त्यांनी ईरण्णाला कधीतरी अँब्युलन्ससाठी रस्त्याच्या कडेला ट्रक घेताना पाहिलं होतं. म्हणून बोट बरोबर उत्तरावर गेलेलं उचललं आणि दुसरीकडं ठेवलं.

ईरण्णानं दोन्ही कानांना हात लावले.

“काकू, अँब्युलन्सला तर म्या उसातपण गाडी घालीन,” तो म्हणाला. “तेवढं एक नीट करतो की वो.”

“ठाऊक हाय रे,” गौराबाई म्हणाल्या. “म्हणून तर राग आला मला. तुझ्यावर न्हाय. गाण्यावर.”

महांतप्पांना मान वर करता येईना. एका भल्या माणसाला त्यांनी यमकासाठी सगळ्या बाजूंनी चूक ठरवलं होतं. पण ईरण्णानंच वातावरण हलकं केलं. त्यानं तिघांसाठी भजी मागवली आणि कढईपाशी उभ्या असलेल्या माणसाला मोठ्यानं सांगितलं की काकू नापास झाल्या त्या माझ्यामुळं, एकदा तरी मी बरोबर निघालो म्हणून. भजीवाल्यानं त्याचं अभिनंदन केलं.

दसऱ्याआधी आणखी एक शिबिर होतं. आता मात्र तेवढंच. यातही गेलं तर गाडी पुण्याला जाणार आणि दोघी बहिणी फोनवरच राहणार, हे तिघांनाही ठाऊक होतं.

महांतप्पांनी पुस्तक पुन्हा उघडलं. गाण्याला अपवाद जोडायचे, त्या अपवादांना उपअपवाद, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात चाललं होतं. गौराबाईंनी ते पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं, मिटलं आणि फडताळात ठेवलं. गाणं म्हणायचंही त्यांनी बंद केलं. करणार काय आहात असं महांतप्पांनी विचारलं तर म्हणाल्या, बघू. ‘बघू’ हा शब्द महांतप्पांना आयुष्यात कधी मानवला नव्हता. त्यांना नीट झोप लागेना.

संध्याकाळी शिवगंगांचा फोन आला. लग्न झाल्यापासून ऐकून ऐकून महांतप्पांना कन्नड समजत होतं, बोलायची मात्र लाज वाटायची. फोनमधला आवाज ओसरीपर्यंत येत होता. शिवगंगा विचारत होत्या की लायसन निघालं की मला मागं बसवून बसवण्णाच्या देवळाला नेशील ना? पण माझे गुडघे वाकत नाहीत, पाय कुठं ठेवू? खड्ड्यात आदळलं तर मी ओरडीन हं. गौराबाई म्हणाल्या, अक्का, खड्डा दिसला की उतरून गाडी हातानं नेईन, तू वरच बस. मग दोघी इतक्या हसल्या की पुढं काही बोलणंच झालं नाही.

दुसऱ्या शिबिराच्या दिवशीही लिंबाखाली तेच दोघं उभे होते. ईरण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला काकूची ओळख सांगत होता. महांतप्पा दारावर डोळे लावून होते. या वेळी त्यांनी बायकोला काहीच शिकवलं नव्हतं, आणि त्यामुळं त्यांना शंका घ्यायलाही काही उरलं नव्हतं.

बराच वेळ गेला. मग गौराबाई दारात दिसल्या. त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला, पायरी उतरल्या आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, “चौदा.”

महांतप्पांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा चौदाच आलं. ईरण्णानं आरोळी ठोकली तेव्हा लिंबावरची पाखरं उडाली आणि खिडकीतून एका साहेबानं डोकावून बघितलं.

“कुठली युक्ती लावलीत?” महांतप्पांनी विचारलं.

“कसली युक्ती. अक्काला मागं बसवलं.”

दोघांनाही कळेना. मग त्यांनी सांगितलं. पहिला प्रश्न आला तेव्हा त्या घाबरल्या. घाबरल्यावर त्यांना वाटलं, आपण खुर्चीवर नाहीच, गाडीवर आहोत, आणि मागं अक्का बसली आहे. तिचे गुडघे वाकत नाहीत, ती कमरेला धरून आहे. आता पूल आला तर काय करशील? थांबीन. समोरच्याला आधी जाऊ देईन. वळणावर पुढं काढशील का? अक्का मागं असताना? पिवळा दिवा लागला तर पळशील? उत्तर आधीच तयार असायचं, नुसतं ते कुठं लिहिलंय तेवढंच शोधायचं. सगळं वाचायची गरजच पडली नाही.

महांतप्पा लिंबाच्या पारावर बसले. इतकी पुस्तकं वाचून त्यांनी उत्तर ओळखायला अक्षरांची लांबी मोजली होती. पण आज स्वतःची कीव करायला त्यांना सवड नव्हती. त्यांना फारच आनंद झाला होता.

“आणि चुकलं कुठलं?” ईरण्णानं विचारलं.

तो वेगाचा प्रश्न होता. अशा अशा रस्त्यावर जास्तीत जास्त किती वेगानं जाता येतं. तीन आकडे होते आणि गौराबाईंनी सगळ्यांत लहान निवडला. “त्याच्यापरीस जोरात अक्का बसंल व्हय?” त्या म्हणाल्या. हा एक गुण गेला याचा त्यांना जराही पस्तावा नव्हता.

कच्च्या लायसनचा फोटो गायत्रीला गेला. तिचा लगेच फोन आला, आणि गाडी आईचीच असं जावयांनी मागून ओरडून सांगितलं. गौराबाई म्हणाल्या, उद्याच अक्काकडं जायचं. दोघांनी मिळून.

इथं महांतप्पांचं वाचन आडवं आलं. कच्च्या लायसनवर गाडी चालवताना मागं कुणालाही बसवता येत नाही. बसला तर पक्कं लायसन असलेला शिकवणाराच बसावा, असा नियम होता. त्यांनी तो दोनदा वाचून खात्री केली आणि मग, मन घट्ट करून, सांगितला. म्हणजे नवरा मागं बसू शकत नव्हता. ज्याच्याकडं पक्कं लायसन होतं असा घरातला माणूस गावात एकच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारं गाव अंगणात जमलं. गौराबाई पुढं बसल्या, गाडीला पुढं-मागं लाल रंगात इंग्रजी एल लावलेला, आणि त्यांच्या मागं ईरण्णा, शिकवणारा. स्कूटी मागून खाली बसली, पुढून वर आली. त्यानं हात कुठं ठेवायचे ते न सुचून दोन्ही हात मांड्यांवर ठेवले, देवळातल्या नंदीसारखे. एवढं त्याला आयुष्यात कधी गप्प बसावं लागलं नव्हतं. गाडी शेताच्या वाटेला लागली आणि ज्वारीच्या पिकाआड दिसेनाशी झाली. महांतप्पा मात्र पिशवी घेऊन मुरूमच्या बसला उभे राहिले.

मुरूमला आळंदची गाडी चुकली. दुसरी उशिरा आली. आळंदला वडापवाला जीप भरल्याशिवाय हलेना. एरवी त्यांचा जीव कासावीस झाला असता. आज ते खिडकीतून तुरीची हिरवी रानं बघत होते, आणि शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी, न विचारता, बायकोला चौदा गुण पडल्याचं सांगितलं. चक्क कन्नडमधून. व्याकरण चुकलं असावं, पण तो माणूस खूश झाला.

उन्हं उतरताना ते शिवगंगांच्या दारात पोचले. अंगणात आंब्याखाली स्कूटी उभी होती, मेन स्टँडवर, आणि तिच्यावर दोघी बहिणी बसल्या होत्या. पुढं गौराबाई, मागं शिवगंगा, दोन्ही पाय एका बाजूला सरळ सोडून, धाकटीच्या कमरेला हात घालून. गाडी जागची हलत नव्हती. पक्कं लायसन निघेपर्यंत इथंच बसून सराव कर, असं गौराबाईंनी तिला सांगितलं होतं, आणि त्या तोंडानं इंजिनाचा आवाज काढत होत्या. शिवगंगांच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी येत होतं.

“कूड्री, कूड्री,” भावजींना बघून शिवगंगा म्हणाल्या, बसा बसा, पण स्वतः काही उतरल्या नाहीत.

ओसरीवर ईरण्णा बसला होता. त्यानं काकांपुढं गाऱ्हाणं मांडलं. काकू दर फाट्याला थांबल्या. समोर कुणी नसताना थांबल्या. एका ठिकाणी मेंढरं आली तर गाडी बंद करून उतरल्या आणि धनगराला, सुगी झाली की आमच्या रानात खतासाठी कळप बसवायला ये, असं ठरवूनसुद्धा आल्या. “एवढ्या वेळात म्या सोलापूर गाठतो, काका,” तो म्हणाला. मग कुणी ऐकत नाही ना ते बघून, हळू आवाजात म्हणाला की पर लई दिवसांनी रस्त्याच्या कडेला काय काय असतं ते दिसलं.

शिवगंगांच्या सुनेनं चहा आणला. दिवस बुडायला आला होता. गौराबाईंनी गाडीवरूनच मान वळवून विचारलं, “अहो, तुमची परतीची गाडी कितीची?”

महांतप्पांनी खिशात हात घातला, मग काढला. त्यांनी विचारलंच नव्हतं. आळंदच्या स्टँडावर वेळापत्रक समोर होतं आणि ते ज्याच्यात्याच्याशी बोलत पुढं निघून आले होते. असं त्यांच्या हातून आजवर कधी झालं नव्हतं.

“ठाऊक न्हाय,” ते म्हणाले. बशीत चहा ओतला, आणि पाय वर घेऊन भिंतीला टेकून बसले.

शिवगंगांनी सुनेला सांगितलं, आणखी चार भाकरी टाक.